टेलचं पाणी

मागच्या मे महिन्यात आमच्या आबांना जुलाब-उलट्या झाल्या. उन्हाचे दिवस, त्यात दोन दिवस दुखणं अंगावर काढलेलं. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी पार खाली आणि लघवी बंद. क्रिएटिनिन ६.८! तीन वेळा डायलिसिस करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "किडनीचा रक्तपुरवठा तुटला होता, पण ती सावरेल." आणि खरंच, महिन्याभरात क्रिएटिनिन १.१ वर आलं. घरी पेढे वाटले.

दिवाळीला गेले तर आबांच्या उशाखाली गुडघेदुखीच्या गोळ्यांची स्ट्रिप सापडली. डिस्चार्जच्या कागदावर 'या गोळ्या घेऊ नयेत, दर तीन महिन्यांनी तपासणी' असं स्पष्ट लिहिलेलं. मी चिडले, तर आबा हसून म्हणाले, "पोरी, रिपोर्ट नॉर्मल हाय. बरा झालेला माणूस दवाखान्यात कशाला जातो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिपोर्ट नॉर्मलच होता ना! हॉस्टेलवर आल्यावर मी वाचायला बसले.

दोन्ही किडन्यांना मिळून मिनिटाला साधारण एक लिटर रक्त मिळतं. तरीही किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कायम जेमतेमच असतो. रक्त थांबलं की तिथल्या सूक्ष्म नळ्यांच्या पेशी मरतात. पण वाचलेल्या पेशी विभागतात, नळ्या पुन्हा उभ्या राहतात आणि क्रिएटिनिन उतरतं. नळ्यांभोवतीच्या केशवाहिन्या मात्र तशा परत वाढत नाहीत. नवी रक्तवाहिनी फुटायला व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाचा निरोप लागतो, आणि मार बसलेल्या किडनीत तोच कमी पडतो. २००१ साली अमेरिकेत डेव्हिड बसिल आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर हे दाखवलं. उंदरांचं क्रिएटिनिन पूर्ववत झालं, पण किडनीच्या आतल्या पट्ट्यातल्या वाहिन्या ४० आठवड्यांनंतरही ३० ते ५० टक्के कमीच होत्या. जिथे वाहिन्या विरळ तिथे ऑक्सिजन कमी, आणि तिथे हळूहळू व्रणासारखे तंतू साठत जातात. रिपोर्ट नॉर्मल असतानाच हे चालू असू शकतं.

आता हे आबांना सांगायचं कसं? माझी शाळा कॉन्व्हेंटची, सगळं सायन्स डोक्यात इंग्रजीत. संक्रांतीला घरी गेले तेव्हा 'अँजिओजेनेसिस'ला मराठी शब्द शोधत मी ओट्यावर बसले होते. समोर आबांचा ऊस आणि पलीकडे पाट.

"आबा, पाट फुटून पीक जळालं. तुम्ही पुन्हा लावलं, उगवलंही. पण चाऱ्या बुजल्यात, त्या कुणी उकरल्याच नाहीत. मग?"

"मग काय, टेलला पाणी पोचणार नाय. आज हिरवं दिसंल, उन्हाळ्यात करपंल."

"तुमच्या किडनीतही असं झालेलं असू शकतं. आणि या गोळ्या किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आखडवतात. म्हणजे आहे ते पाणीही तुम्हीच अडवताय."

आबा बराच वेळ गप्प बसले. मग आत जाऊन त्यांनी स्ट्रिप आणून माझ्या हातात दिली. म्हणाले, "आन् गुडघ्याचं काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. शेक, व्यायाम आणि किडनीला कमी धोक्याची गोळी, तीही विचारूनच. गुडघा अजून दुखतोच. पण आता आबा तपासणीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

मित्रांनो, हे हॉस्टेलच्या अंकात लिहिण्याचं कारण आपल्याच ड्रॉवरमध्ये आहे. सबमिशनच्या रात्री, पोट बिघडलेलं असताना, पाणी न पिता आपण पेनकिलर गिळतो. पुढच्या वेळी आधी पाणी प्या आणि डॉक्टरांना विचारा.

आबांची पुढची तपासणी सोमवारी आहे. रिपोर्ट आला की फोन करणार आहेत. मी वाट बघतेय.