अडथळ्याच्या अलीकडची पावलं

3000 मीटर स्टीपलचेसच्या तयारीत आपल्याकडे एक क्रम रूढ झाला आहे. वर्षभर पळून दम कमवायचा आणि स्पर्धा तोंडावर आली की अडथळ्यांवर उड्या घालायच्या. प्रशिक्षक म्हणून मला हा क्रमच चुकीचा वाटतो. या शर्यतीत वेळ वाया जातो तो अडथळ्याच्या वर कमी, त्याच्या अलीकडच्या आठ-दहा पावलांत जास्त. ती पावलं अंगवळणी पडायला शेवटचे काही आठवडे पुरत नाहीत.

शर्यतीत 28 साधे अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91.4 सेंटीमीटर. हर्डल धक्का लागला की आडवा होतो, स्टीपलचेसचा अडथळा जागचा हलत नाही. चुकीची शिक्षा धावपटूच्या गुडघ्याला मिळते. 110 मीटर हर्डल्समध्ये दोन हर्डल्समधलं अंतर नेमकं 9.14 मीटर असतं, त्यामुळे पावलं मोजून बसवता येतात. स्टीपलचेसमध्ये दोन अडथळ्यांत फेरीचा जवळपास पाचवा हिस्सा असतो. तेवढ्या अंतरात वेग बदलतो, पुढच्याची पाठ आडवी येते, कुणी कोपर लावतो. मोजणी कोलमडते आणि ऐनवेळी अंदाजावर भिस्त उरते. अंदाज चुकला की धावपटू आखडती पावलं टाकतो, वेग मोडतो आणि पलीकडे उतरल्यावर तो पुन्हा कमावताना दम खर्च करतो.

याची किंमत मोजता येते. इथिओपियाच्या लामेचा गिर्माने 2023 मध्ये इनडोअर ट्रॅकवर 3000 मीटर 7 मिनिटे 23.81 सेकंदांत पार केले आणि त्याच वर्षी पॅरिसला स्टीपलचेसचा विश्वविक्रम केला तो 7 मिनिटे 52.11 सेकंदांचा. फरक 28.30 सेकंद, म्हणजे दर अडथळ्यामागे साधारण 0.8 सेकंद. ट्रॅक वेगळे असल्याने हा हिशेब काटेकोर नाही, पण विश्वविक्रमवीरालाही अडथळे फुकट पार करता येत नाहीत एवढं त्यातून नक्की कळतं. दुसरीकडे, 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत अब्राहम किबिवोट आणि अविनाश साबळे यांच्यात अंतर होतं 0.05 सेकंदाचं. 35 अडथळ्यांपैकी एकाच अडथळ्याआधी आखडलेलं एक पाऊल त्याहून महाग पडतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो दमाचा. साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. सैन्यात गेल्यावर क्रॉसकंट्रीतून या शर्यतीकडे आला. ललिता बाबर साताऱ्याची, मॅरेथॉन गाजवून स्टीपलचेसकडे वळली आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी पळाली. दोघांचं मूळ भांडवल दमच होतं, मग अडथळ्यांचं एवढं कौतुक कशाला? शिवाय किपचोगे केइनोला या शर्यतीचा फारसा अनुभव नव्हता, तरी 1972 मध्ये तो ऑलिंपिक विजेता झालाच की. आक्षेपात तथ्य आहे: दम नसेल तर उडीचं कसब निरुपयोगी. पण केइनोची सुवर्णपदकाची वेळ होती 8 मिनिटे 23.6 सेकंद. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये साबळे 8 मिनिटे 14.18 सेकंदांत पळूनही अकरावा आला. बूट आणि ट्रॅक सुधारले हे धरूनही, दमदार धावपटूंची गर्दी एवढी झाली आहे की नुसत्या दमावर आता वेगळं उठून दिसता येत नाही.

दुसरा आक्षेप शैलीचा. 1968 च्या ऑलिंपिकमध्ये एमोस बिवोटची उडी जाणकारांना बेढब वाटली, तरी सुवर्ण त्यालाच मिळालं. बरोबर, कारण उडी देखणी असण्याशी घड्याळाला कर्तव्य नसतं. म्हणूनच मी शैलीपेक्षा तीन गोष्टींवर भर देतो: दुरून अंतर ओळखणारी नजर, दोन्ही पायांनी सारख्याच विश्वासाने झेप घेणं आणि उतरताच थेट धावेत मिसळणं. यातली कुठलीही गोष्ट ताज्या पायांवर सिद्ध होत नाही. शेवटच्या फेरीत पाय जड झालेले असतात. पॅरिसच्या अंतिम फेरीत गिर्मासारखा विक्रमवीरही शेवटच्या फेरीतच अडथळ्यावर कोसळला.

तिसरा आक्षेप दुखापतीचा आणि सोयींचा. थकलेल्या मुलांना जड अडथळ्यांवर घालणं धोक्याचं, आणि तालुक्याच्या मैदानावर पाण्याचा खड्डा आणायचा कुठून? धोका खरा आहे. म्हणून सुरुवात कमी उंचीच्या, धक्का लागताच पडणाऱ्या हर्डल्सनी, मऊ गवतावर आणि मोजक्या उड्यांनी करावी. पाण्याऐवजी लांब उडीचा वाळूचा खड्डा बराच काळ चालतो. आठवड्यातून एकदा, पण वर्षभर, वेगाच्या धावांच्या शेवटच्या फेऱ्यांत चार-पाच अडथळे ठेवावेत. एवढ्याने दमाच्या सरावाला धक्का लागत नाही.

प्रशिक्षकांना माझी एकच विनंती आहे. प्रत्येक खेळाडूच्या वहीत सपाट 3000 मीटरची आणि स्टीपलचेसची वेळ शेजारी-शेजारी लिहा. सपाट वेळ सुधारत असूनही दोन्हींतला फरक घटत नसेल, तर आणखी किलोमीटर वाढवू नका. अडथळे मैदानात आणा.