एकाच घरचे दोन आजार

थोरल्या आत्याला माणसं ओळखू येईनाशी झाली, तेव्हा गाव म्हणालं, म्हातारचळ लागलाय. पुढं माझ्या वडिलांचा हात कापायला लागला, तर अशक्तपणा म्हणून विषय संपला. नेवाशाजवळ, प्रवरेकाठी एकाच घरात वाढलेली ही बहीणभावंडं. दोघांच्या दुखण्यांचं एकमेकांशी काही नातं असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आता या आजारांविषयी वाचते तेव्हा मन अडखळतं. जीबीए नावाचं जनुक पेशीतला स्निग्ध कचरा मोडणारं विकर घडवतं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर गोशे हा दुर्मिळ आजार होतो. एकच बिघडली तर माणूस धडधाकट जगतो, पण उतारवयात कंपवाताचा धोका वाढतो आणि लुई बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशाचाही. अल्झायमरशी १९९३ साली जोडलं गेलेलं एपीओई-४ हे जनुकाचं रूप याच लुई बॉडीचाही धोका वाढवतं. २०११ साली उलगडलेला सी-नाइन-ऑर्फ-७२ जनुकातला बिघाड तर कधी एका भावाचे हातपाय लुळे करतो आणि दुसऱ्याचा स्वभावच पालटतो. हे वाचून मला फार वाईट वाटलं. घरचे त्या दुसऱ्याच्या वागण्याचा राग धरून बसतात, आणि ते वागणं त्याच्या हातात नसतं.

आत्याचं आणि वडिलांचं रक्त कुणी तपासलं नाही. बहुतेकांना हे आजार थेट वारशानं येतही नाहीत, जनुक बहुधा फक्त धोका वाढवतं. मुलाबाळांनी धास्ती घेऊ नये, पण घरात पूर्वी कुणाला काय झालं होतं ते माहीत असावं.

नाशकाच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत माझ्या माहेरच्या कुळाच्या पिढ्या लिहिल्या आहेत. पणजोबा, खापरपणजोबा, सगळे सापडतात. कोण कशानं खचलं, ते मात्र नाही. सुनांच्या माहेरचं तर काहीच नाही, आणि निम्मी जनुकं आईकडून येतात.

जनुकांचा बराचसा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाला. म्हणून ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पानं वाचलेले सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुले झाले, याचं मोल मोठं आहे. पण आजीची आई म्हातारपणी वाट चुकायची का, तिच्या हातातला पेला हिंदकळायचा का, हे कुठलंही यंत्र सांगणार नाही. ते ठाऊक असलेल्या मावश्या-आत्या आज ऐंशीच्या पुढं गेल्यात.

त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून काढा. मेंदूच्या डॉक्टरांकडं जाल तेव्हा बापाकडचं सांगून थांबू नका, आजोळचंही सांगा.