अंधार पाडणाऱ्या बटणास

प्रिय डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू बटणा,



कॅनॉनच्या बऱ्याच मॉडेलांवर तू लेन्सच्या डाव्या अंगाला असतंस, निकॉनवर उजव्या, अगदी बोटाच्या टप्प्यात. तरी जळगाव-धुळ्याच्या लग्नांत हयात घालवलेल्या कितीतरी फोटोग्राफरांचं बोट तुझ्यावर पडतं ते चुकूनच. मग व्ह्यूफाइंडर काळवंडतो आणि ‘भाऊ, कॅमेरा गेला!’ अशी ओरड होते. वर फ्लॅश चढवलेला असला तर बऱ्याच मॉडेलांत तोही सेकंदभर फडफडतो, नवरदेव दचकतो, आणि तुझी बदनामी पक्की होते.

दोष तुझा नाही. एफ ८ लावा नाहीतर एफ १६, म्हणजे लेन्सचं छिद्र कितीही लहान ठरवा, बघताना त्याची पाती उघडीच राहतात. मिटतात ती क्लिक होताना. म्हणजे डोळ्याला दिसतं एक आणि कार्डावर उतरतं दुसरं. तू ती पाती आधीच मिटवतंस. एफ १.८ वरून ८ वर आलं की लेन्समधून येणारा प्रकाश विसाव्या हिश्श्यावर येतो, मग अंधार पडणारच. डोळा जरा सरावू दिला की त्याच अंधारात मागची माणसं रेखीव होताना दिसतात.

छोट्या सेन्सरचा कॅमेरा, ५० मिमीची लेन्स आणि तीन मीटरवर नवरा-नवरी. एफ १.८ ला पुढून मागे जेमतेम २५ सेंमी जागा स्पष्ट येते; हीच डेप्थ ऑफ फील्ड. हातभर मागे उभी असलेली करवली गेलीच. एफ ८ ला तीच जागा मीटरभराच्या वर जाते. ‘बॅकग्राउंड उडव’ या हौसेपायी आमच्याकडच्या अल्बमांतून किती मावश्या-आत्या उडाल्या असतील! रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घडामागच्या पानांच्या फटींतला उजेड गोल ठिपक्यांचा येणार की पात्यांच्या संख्येइतक्या कोनांचा, हेही तुला दाबलं की आधी कळतं.

खानदेशात तुझा प्रश्न सर्वांत कडक रूपात कुठे उभा राहिला असेल तर चाळीसगावात, केकी मूस यांच्या टेबलावर. १९१२ मध्ये मुंबईत जन्मलेले हे कलावंत स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात राहिले, कित्येक दशकं त्याबाहेर जवळपास पडलेच नाहीत, आणि १९८९ मध्ये तिथेच वारले. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून भलीमोठी दृश्यं उभी करणारी त्यांची टेबलटॉप छायाचित्रं गाजली. इथे डेप्थ ऑफ फील्डला बगल देताच येत नाही. कॅमेरा वस्तूजवळ गेला की स्पष्ट जागा झपाट्याने आकसते, आणि मागचा भाग धूसर झाला की बघणारा ताडतो, हे टेबल आहे. खऱ्या माळरानाचा भास टिकवायचा तर पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सगळं रेखीव हवं. नुसतं ‘ब्लर’वर पोसलेल्या आजच्या नजरेने तो बंगला, म्हणजे आताचं कलादालन, बघायलाच हवा.

तुझीही मर्यादा सांगतो, उगाच आरती नको. आजच्या डीएसएलआरच्या फोकसिंग स्क्रीनवर एफ १.८ आणि २.८ यांतला फरक नीट दिसत नाही. तिथे तुला दाबूनही उपयोग नाही. निकॉनने तर डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर तुला ठेवलंच नाही. म्हणजे ज्यांनी नुकतं शिकायला घेतलं, त्यांच्याच हातून तुला काढून घेतलं. हे मला पटलेलं नाही.

आता लोक मिररलेसकडे वळताहेत आणि जुने डीएसएलआर स्वस्तात विकायला निघालेत. ते घेणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं: तुमच्या कॅमेऱ्यावर हे बटण असेल तर दुकानातच एफ १६ लावा, बटण दाबा आणि समोरून लेन्समध्ये बघा. पाती झटकन मिटली तर ठीक. अडखळली किंवा त्यांवर तेल चमकलं, तर त्या लेन्सचे पैसे देऊ नका.