संगणकाची यादी

वाचकहो, घरात मोठी वस्तू येण्यापूर्वी तिची यादी येत असते. आम्ही दिल्लीस राहतो. २०२४ सालच्या मे महिन्यात, बारावीची परीक्षा आटोपलेल्या आमच्या चिरंजीवांनी असाच एक कागद माझ्यापुढे ठेवला. खेळांसाठी घ्यावयाच्या संगणकाचे भाग त्यावर ओळीने लिहिलेले होते आणि तळाशी बेरीज होती : १,५५,००० रुपये!

“खेळण्यासाठी दीड लाख?” मी एवढेच म्हणालो, पण ज्या स्वरात म्हणालो, तो ऐकून मुलगा उठून गेला. सौभाग्यवती शांतपणे म्हणाली, “अहो, आपल्याला किती झेपते, हे त्याला कधी सांगितले आहे का?”

खरेच सांगितले नव्हते. घरखर्चाची वही मुलांपासून दूर ठेवणे यालाच मी आजवर वडीलपण समजत आलो होतो. त्या रात्री ती वही मी त्याच्यापुढे उघडली. घरभाडे, आजीची औषधे, धाकटीची फी. आणि हे सारे वजा जाता संगणकासाठी ८५,००० रुपये. तो बराच वेळ पाने चाळीत राहिला. मग म्हणाला, “बाबा, यादी पुन्हा करू या.”

त्यानंतर शिकलो तो मीच. संगणकात प्रोसेसर सर्वांत महाग, अशी माझी समजूत. खेळांच्या संगणकात तो मान बहुधा ग्राफिक्स कार्डाचा असतो, कारण पडद्यावरील दृश्य रंगविण्याचे काम त्याचे. पण ते किती समर्थ हवे, हे पडदा ठरवितो. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख. काम चौपट, म्हणून कार्डही तसेच भारी लागते. आम्ही लहान बिंदुसंख्येचा, परंतु सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा पडदा ठरविला, आणि यादीतील दोन मोठे आकडे एकदमच खाली आले. रंगीत दिव्यांचे कॅबिनेट त्याने आपण होऊन खोडले.

एका जागी मात्र मी कात्री चालू दिली नाही. पूर्वी एकदा मी स्वस्तातला एसएमपीएस घेतला होता. उन्हाळ्यात वीज कमीजास्त होताच तो जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. साऱ्या भागांना वीज त्याच डब्यातून मिळते; तेथे वाचविलेले हजार रुपये फार महाग पडतात. “आणि यूपीएस?” मी विचारले. तो पहिल्या यादीत नव्हताच. मुलगा खाली मान घालून म्हणाला, “बेरीज वाढली असती, तर तुम्ही रागावला असता.”

वाचकहो, त्या वाक्याने मला त्या बेरजेपेक्षा अधिक अस्वस्थ केले.

पुढे नेहरू प्लेसमध्ये आम्ही तीन दुकानांतून भाव काढले; भावात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, वॉरंटी किती वर्षांची, पक्के बिल मिळेल का, हे प्रत्येक ठिकाणी मुलानेच विचारले. यूपीएससह बेरीज ८४,६०० झाली.

आपल्या घरी अशी यादी आली, तर रागावण्यापूर्वी आपला आकडा सांगा. मग पडदा ठरवा, त्याला साजेसे कार्ड पाहा, आणि विजेच्या बाबतीत काटकसर करू नका. आमच्याकडे आता महिन्याच्या एक तारखेस घरखर्चाची वही मी उघडीत नाही, तो उघडतो.