माणशी अर्धा एकर

मैत्रिणींनो, पुण्याजवळची एक दिवसाची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सिंहगडाचं पिठलं-भाकरी नाहीतर पानशेतचं पाणी येतं. पुरंदर तालुक्यात आपण जातो ते जेजुरीला, तेही नवीन जोडपं घरात आलं की. गडाच्या पायऱ्या चढायच्या, भंडारा उधळायचा, प्रसाद घ्यायचा आणि संध्याकाळी घरी. मी आज सांगणार आहे ती सहल त्याच रस्त्यानं जाते, पण मध्येच पूर्वेकडे वळते. तिथं ना धबधबा, ना बाग. आम्ही बाराजणी तिकडे गेलो ते ज्वारी आणायला!

आम्ही हडपसरला राहतो. सासवडची बस दारावरून जाते. वडकी मागे पडलं की दिवेघाट सुरू होतो. आषाढवारीत माउलींची पालखी हा घाट चढते तेव्हाची गर्दी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. मार्चच्या सकाळी तिथं शुकशुकाट असतो. वळणावरून खाली मस्तानी तलाव दिसतो. खिडकीजवळ बसलेल्या दोघीतिघींनी फोटो काढले, तेवढ्यात आम्ही वर. घाट संपला की हवा बदलते, कोरडी होते, आणि दोन्ही बाजूंना अंजिराच्या बागा दिसू लागतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सीताफळंही इथलीच. दोन्ही झाडं कमी पाण्यात तग धरणारी, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पुरंदर किल्ल्याच्या बाजूला पाऊस बरा पडतो. तालुक्याच्या पूर्वेला जसजसं जावं तसतसे ढग जणू वाट चुकतात. २०२३ साली राज्यातल्या ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात पुरंदर होताच. सासवडला उतरून आम्ही वडापची एक जीप ठरवली. ड्रायव्हर म्हणाला, "आठच बसतील." बसलो बाराही.

आमच्या यांच्या आत्या त्या भागात राहतात. गावाचं नाव लिहू नकोस, असं आत्याबाईंनी बजावलंय. "पेपरात नाव आलं की पुढारी येतात," असं त्यांचं म्हणणं. तेव्हा गाव राहू द्या. पण त्यांच्याकडे जाण्याआधी वाटेत नायगावला थांबलो, त्याचं नाव लिहायला हरकत नाही. कारण तिथली हकीकत सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असायला हवी, आणि आमच्या बारापैकी एकीलाही ती धड ठाऊक नव्हती.

१९७२ चा दुष्काळ तुमच्या सासूबाईंना विचारा. लाल मिलो ज्वारी, सुकडी, रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका, ही त्यांची आठवण असेल. त्या दुष्काळात पुण्यातले एक इंजिनिअर कारखानदार, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात हिंडत होते. एवढी माणसं राबताहेत, पण त्या राबण्यातून पुढच्या वर्षाचं पाणी उभं राहत नाही, हे त्यांना खटकलं. त्यांनी नायगावच्या देवस्थानाची चाळीस एकर उजाड जमीन भाडेपट्ट्यानं घेतली. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाच्या खाली विहीर काढली आणि तिचं पाणी उपसून पुन्हा वर शेताला दिलं. १९७४ साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान काढलं. कल्पनाताई साळुंखे या कामात त्यांच्या बरोबरीनं होत्या.

बांध-तलाव इतरांनीही पुष्कळ केले. साळुंख्यांचं वेगळेपण पुढे आहे. अडवलेलं पाणी वाटायचं कसं? आजवरची रीत अशी की ज्याची जमीन मोठी त्याचं पाणी मोठं. त्यांच्या पाणी पंचायतीनं जमिनीकडे पाहिलंच नाही. घरात माणसं किती, तेवढंच विचारलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, आणि घरटी जास्तीत जास्त अडीच एकराचं. म्हणजे घरात पाच माणसं असतील तर अडीच एकराचं पाणी, मग तुमची जमीन तीन एकर असो की तेरा. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाणी विकता यायचं नाही, ते गटाकडे परत जायचं. योजना एकट्यादुकट्याला मिळत नसे, गट करावा लागे. खर्चाचा पाचवा हिस्सा गटानं रोख भरायचा, निम्मं सरकारी अनुदान, उरलेलं प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज. आणि ऊस लावायचा नाही. ही अट तर पक्की.

हे ऐकून आमच्यातल्या एकजणी पटकन म्हणाल्या, "अगं, हे तर आपण रोजच करतो!" खरंच की! पातेल्यात आमटी थोडी असली तर आपण ताटं मोजतो आणि पळी तशी बुडवतो. यांचा पगार जास्त म्हणून यांना चार पळ्या आणि सासूबाई कमावत नाहीत म्हणून अर्धी, असं कुठल्या घरात होतं का? शेतीच्या पाण्याला हा नियम लावायला मात्र एवढा दुष्काळ पडावा लागला.

आत्याबाईंचं गाव तिथून पुढे. त्या लग्न होऊन आल्या त्याच दुष्काळात. त्यांच्या गावात असा गट झाला तेव्हा घराला नऊ एकर जमीन होती आणि माणसं पाच. पाणी अडीच एकराला मिळालं. उरलेले साडेसहा एकर पावसावर. "आमच्या सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जसं काही मीच पाणी वाटलं!" आत्याबाई आम्हाला हुलग्याचं माडगं वाढता वाढता सांगत होत्या. सोबत ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा. (माडग्याला गूळ घालतात आणि हुलग्याचं पीठ आधी भाजून घेतात. कृती मी वेगळी लिहून घेतली आहे.)

गटात तेव्हा सव्वीस घरं होती, आता अकरा आहेत. बाकीच्यांनी बोअर घेतले, कुणी शेततळं करून त्यात प्लास्टिक अंथरलं. दुसरीकडेही पाणी पंचायतीच्या अनेक योजना पुढे बंद पडल्या. विलासराव २००२ साली गेले. आत्याबाईंचा गट टिकला, तो त्यांच्या मते पाटकऱ्यामुळे. पाटकरी म्हणजे पाळीप्रमाणे पाणी सोडणारा माणूस. त्याला गट पगार देतो आणि तो कुणाचाही सोयरा नाही, हे महत्त्वाचं!

आता आमच्या ज्वारीकडे येते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्या गटाची दहा हॉर्सपॉवरची मोटर जळली. शाळू दाण्यात आलेला, शेवटचं एक पाणी हवं होतं, अंजिराची फळंही झाडावर. मोटर भरून घ्यायची, केबल नवी, स्टार्टर नवा, असा अठरा हजारांचा खर्च निघाला. अकरा घरांत मिळून एवढी रोकड त्या दिवसांत नव्हती. व्यापारी पैसे द्यायला तयार होता, पण मार्चमधली ज्वारी आजच बत्तीस रुपये किलोनं लिहून द्या म्हणाला. आत्याबाईंचा फोन यांना आला. मी बाजूला पोळ्या लाटत होते. आणि त्याच संध्याकाळी आमची भिशी होती.

आमच्या भिशीत बाराजणी, महिना दीडदीड हजार. होतात किती? अठरा हजार! विषय मी काढला खरा, पण त्या महिन्याचा नंबर पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचा होता आणि त्यांना मुलाच्या क्लासची फी भरायची होती. खोली गप्प झाली. कुणाच्या शेतासाठी कुणाची फी थांबवायची, हा प्रश्न सोपा नव्हता, आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तरी मला राग आला नसता. त्यांनी हिशोब विचारला. पैसे परत कधी? मार्चमध्ये. रोख? नाही, ज्वारीत, आमच्या बाजारात मिळते त्याहून जरा कमी, पंचेचाळीस रुपये किलोनं. मग त्या म्हणाल्या, "फेब्रुवारीचा नंबर चिठ्ठी न टाकता मला द्या, आणि ज्वारी मी स्वतः पाहून घेईन." क्लासवाल्यांनी महिनाभर थांबायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी पैसे गेले, चौथ्या दिवशी मोटर बसली.

म्हणून ही सहल. अंगणात तराजू टांगलेला. अकरा घरांत मिळून अठ्ठावन्न माणसं, त्यामुळे माणशी तीनशे दहा रुपयांच्या आसपास देणं आलं, म्हणजे सात किलोला थोडी कमी ज्वारी. पाणी माणशी, तसं कर्जही माणशी! एक आजी आल्या, त्यांना स्वतःची जमीन नाही. नवरा, मुलगा दोघेही गेलेले, दोन नातवंडं सांभाळतात. त्यांच्याकडे आहे ते तीन माणसांचं पाणी, दीड एकराचं. आत्याबाईंच्या दिरांकडे पाण्यावाचून पडलेली जमीन आहे. पाणी आजींचं, जमीन त्यांची, पीक अर्धंअर्धं. आजींनी आपली एकवीस किलो ज्वारी पाटीतून आणली, स्वतः मापात ओतली आणि काटा स्थिर होईपर्यंत पदर कमरेला खोचून उभ्या राहिल्या. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी दाणे तळहातावर घेऊन पाहिले, एक दाताखाली फोडला आणि मान हलवली. एकूण चारशे किलो भरली. आमच्या वाट्याला तेहतीस-तेहतीस किलो.

हे सगळं इतकं छान चाललेलं असताना आत्याबाईंचा पुतण्या मात्र गप्प होता. तिशीतला, शिकलेला. मी विचारलं तेव्हा तो बोलला. त्याला ऊस लावायचाय. पुरंदर उपसा योजनेचं पाणी पैसे भरून घ्यायचं आणि ऊस करायचा. हे पाणी कुठलं, ठाऊक आहे? मुळा-मुठेचं. म्हणजे आपण पुण्यात धुणंभांडी करून सोडलेलं पाणी नदीतून उचलून डोंगर चढवून इथं आणतात. आत्याबाईंनी लगेच चिमटा काढला, "तुमच्या साबणाचा वास आमच्या ओढ्याला येतो हो!" त्या दिवसापासून मी साबणाची पावडर मोजून घालते, एवढंच सांगते.

ऊस किती पाणी पितो हे पुतण्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. राज्यातल्या सिंचनाच्या पाण्यातला मोठा वाटा उसालाच जातो आणि ज्वारी-बाजरी आभाळाकडे बघत बसते. पण त्याचं म्हणणं ऐका. "वहिनी, उसाला सरकार दर ठरवून देतं. कांद्याला, टोमॅटोला कोण देतं? गेल्या वर्षी कांदा काढायची मजुरी निघाली नाही. तुम्ही एकदा ज्वारी नेली, चांगलं केलंत. दरवर्षी न्याल?" आत्याबाई त्याच्यावर डाफरल्या, ऊस लावायचा तर गटातून नाव काढ म्हणाल्या. मला मात्र त्याचं बोलणं खोटं वाटलं नाही. पाणी जपून वापरा असं शेतकऱ्याला सांगायचं आणि कमी पाण्याचं पीक बाजारात आलं की भाव पाडून मागायचा, हे दोन्ही आपण एकाच तोंडानं करतो. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करण्यात माझाही हात कुणी धरणार नाही.

परतताना बसमध्ये यावरच चर्चा. "छोटा हत्ती" ज्वारी घेऊन मागून आला, त्याचे नऊशे रुपये, म्हणजे प्रत्येकीला पंचाहत्तर. घाट उतरेपर्यंत एवढं ठरलं की ज्येष्ठात, पेरणीच्या वेळी, आम्ही बाजरी आणि हुलग्यासाठी आगाऊ पैसे देऊ, दर आधी ठरवून. पाऊस दगा देऊन पीक आलं नाही, तर पैसे पुढच्या वर्षीच्या धान्यात वळते करायचे. यावर दोघीजणी म्हणाल्या की मग आम्हाला जमणार नाही. त्यांचंही खरं, महिन्याचं गणित प्रत्येकीचं वेगळं. दहाजणी उरलो. तुमच्याकडे भिशी असेल आणि कुणाचं माहेर नाहीतर सासर कोरडवाहू गावातलं असेल, तर हा हिशोब मांडून बघा. धान्य घरी आल्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा आणि थरांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

कांद्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. पुतण्या वर्षभराचा एकच दर मागतोय, आमच्यातल्या चौघी बाजारभावापेक्षा दोन रुपये जास्त म्हणताहेत. त्यासाठी पुढच्या महिन्यात आत्याबाई त्याला घेऊन हडपसरला येणार आहेत. त्यांना जिने चढवत नाहीत, म्हणून बैठक खाली पार्किंगमध्येच, सतरंजी टाकून.