कोरा रोल

काकांच्या कपाटातला पेन्टॅक्स के१००० माझ्याकडे आला त्याला आता वर्ष होईल. १९७६ ते १९९७, एकवीस वर्षं हे मॉडेल बनत होतं. म्हणजे शेवटचा नग बाहेर पडला तेव्हा अस्मादिक जेमतेम पाळण्यात!

ऑटोफोकस नाही, सेल्फ-टायमर नाही. एक बटण सेल लागतो, तोही फक्त लाइट मीटरला. सेल मेला तरी शटर चालूच. आणि गंमत म्हणजे मीटरला ऑन-ऑफचं बटणच नाही. लेन्सला कॅप लावायची, की अंधार झाला म्हणून मीटर गप्प. कॅप विसरलात की सेल हळूहळू संपणार. (कॅप हेच पॉवर बटण! आमच्या टीममध्ये कुणी असं डिझाइन मांडलं असतं तर रिव्ह्यूमध्ये सोलून काढला असता.) व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडे एक सुई दिसते. अ‍ॅपर्चर आणि शटर फिरवून ती मध्यावर आणायची, फोकस करायचा आणि... खट्याक! या खट्याकसाठी मी उगाचच रिकामा कॅमेरासुद्धा उडवतो.

तर मागे दिवाळीत साताऱ्याकडे गावी गेलो होतो. आजोबांना ओट्यावर बसवलं. त्यांनी आत जाऊन टोपी घातली, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या, ताठ बसले. खट्याक झाल्यावर लगेच हात पुढे, "बघू."
म्हटलं, यात लगेच दिसत नाही आबा.
"मग निघाला कशावरनं?"

मी हसलो. घरातल्या सगळ्यांचे काढले, गोठ्याचे काढले. ३६ झाले तरी लिव्हर अडेना. ३७, ३८... तेव्हा पोटात गोळा आला. मागचं झाकण उघडलं तर फिल्मची जीभ स्पूलच्या खाचेतून सुटलेली आणि अख्खा रोल डबीत जसाच्या तसा. आकडा पुढे सरकत होता, फिल्म नाही. लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची घुंडी फिरतेय का, एवढंच बघायचं असतं. मी बघितलं नव्हतं. रोल वाया गेला नाही, फोटो गेले.

पुढच्या आठवड्यात आबांचा फोन. "आलं का फोटू?" लॅबमध्ये आहेत म्हणून सांगितलं. चक्क थाप. आबा ८६ वर्षांचे आहेत, त्यामुळे ती थाप आठवडाभर टोचत राहिली.

शेवटी शनिवारी पहाटेची एसटी पकडली. खरं काय ते सांगितलं. आबा काही बोलले नाहीत, आत गेले आणि टोपी घालून आले. तोच रोल पुन्हा भरला होता. या वेळी प्रत्येक फोटोनंतर मी घुंडीकडे बघत होतो आणि आबा माझ्याकडे.

घुंडी फिरत होती. आकडा २२ वर आहे, अजून १४ उरलेत. कॅप लावलीये.