स्मोक अलार्म कोणत्या ब्रेकरवर?

अमेरिकेत नवं घर बांधताना स्मोक अलार्म नुसत्या बॅटरीवर चालत नाही. त्याला घरची १२० व्होल्टची वीज लागते, जोडीला बॅटरी. बेडरूममधले, बाहेरच्या पॅसेजमधले, मजल्यामजल्यावरचे अलार्म एकमेकांना जोडावे लागतात. छतावरचा अलार्म फिरवून काढला की मागे तीन वायरींचा प्लग दिसतो. काळी फेज, पांढरी न्यूट्रल आणि तिसरी निरोप्या. तळघरात धूर झाला की वरच्या मजल्यावर ठणाणा होतो, तो तिच्यामुळे. हा निरोप नीट पोचावा म्हणून उत्पादक बहुधा सगळे अलार्म एकाच सर्किटवर घ्यायला सांगतात.

कोणत्या?

नवख्या वायरमनला वाटतं, इतकी महत्त्वाची वस्तू, तिला स्वतंत्र ब्रेकर हवा. मुरलेला माणूस इथे नाक मुरडतो. तो ब्रेकर पडला तर कळणार कुणाला? अलार्मवरचा हिरवा दिवा विझतो खरा, पण छताकडे बघतो कोण! शिवाय न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात मिरचीची फोडणी जरा करपली, अलार्म कोकलला, की वैतागलेला हात पॅनलमधल्या ‘स्मोक’ लिहिलेल्या ब्रेकरकडे जातो. बॅटरीमुळे आवाज थांबत नाहीच, ब्रेकर मात्र तसाच खाली राहतो. तेच अलार्म बेडरूमच्या दिव्याच्या सर्किटवर असतील तर अंधारात कुणी आठवडा काढत नाही. ब्रिटनचं बीएस ५८३९ मानक (भाग ६) दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतं: स्वतंत्र सर्किट, नाहीतर रोजच्या वापरातलं दिव्याचं.

अमेरिकन विद्युत संहितेने २००२ मध्ये पेच वाढवला. वायरीतली ठिणगी ओळखून वीज तोडणारा आर्क-फॉल्ट ब्रेकर आधी बेडरूमच्या प्लगपुरता होता, तो तिथल्या प्रत्येक विद्युत जोडणीला लागू झाला. त्यात अलार्मही आले. मोठ्या इमारतीतल्या फायर अलार्म पॅनलला हीच संहिता असा ब्रेकर लावू देत नाही. घरातल्या अलार्मला ती सूट नाही. वायरमन कुरकुरले, कारण जुने आर्क-फॉल्ट ब्रेकर व्हॅक्यूम क्लीनरच्या ठिणग्यांनाही फसत. पण छतातल्या वायरीला खिळा लागला तर आग तिथूनच सुरू होणार, तेव्हा नियमात तथ्य आहे.

म्हणून जाणता वायरमन आर्क-फॉल्ट ब्रेकर लावतो, त्यावर दिवे आणि अलार्म घेतो, व्हॅक्यूमचे प्लग दुसरीकडे वळवतो. काम आवरताना ब्रेकर पाडून अलार्मचं बटण दाबतो. बॅटरीवरही सगळे एकदम वाजले पाहिजेत. घरातलं बाळ दचकून उठतं, ते वेगळं.